आईशी कुठल्या भाषेत भांडतेस?

पुण्याच्या पश्चिमेला, जिथे शहर अजून बांधून व्हायचं आहे, तिथल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी चौथीच्या वर्गासाठी पुस्तकांचा कोपरा मांडला. तेव्हा पहिली चूक केली ती शाळेच्या रजिस्टरवर विसंबण्याची. मातृभाषेच्या रकान्यात दोनच शब्द होते, मराठी आणि हिंदी. त्या दोन भाषांतली पुस्तकं आणली, खिडकीखाली दोरी बांधून चिमट्यांनी टांगली. गणपती येऊन गेले तरी मागच्या दोन रांगांतली मुलं त्या दोरीकडे फिरकली नव्हती.

एकदा मधल्या सुट्टीत त्यांतलीच एक मुलगी पहिलीतल्या भावाला रागावताना ऐकली. ती भाषा मराठी नव्हती आणि हिंदीही नव्हती. "कुठली भाषा गं ही?" विचारलं तर गप्प. मग प्रश्न बदलून पाहिला. "आईशी भांडतेस तेव्हा कुठल्या भाषेत भांडतेस?" ती हसली. म्हणाली, "कन्नडमध्ये." तास सुरू झाल्यावर हाच प्रश्न सगळ्या वर्गाला विचारला आणि एकच गलका झाला. भोजपुरी, तेलुगू, नेपाळी, "आमची बोली", म्हणजे बंजाऱ्यांची गोरबोली. एक मुलगा म्हणाला, मी भांडत नाही, आई गावाला असते.

स्थलांतरित मुलांसाठी वर्गात ग्रंथालय उभं करायचं, तर काम इथून सुरू होतं. पुस्तकांची यादी नंतर करायची, आधी मुलांची.

रजिस्टर चुकतं, त्यात कुणाची लबाडी नसते. प्रवेशाच्या दिवशी बाप कामावरून तासाभराची सुट्टी काढून आलेला असतो. समोरच्याला कळेल ते नाव तो सांगतो, आणि हिंदी सगळ्यांना कळतं. देशाच्या नोंदीही याच वळणाच्या आहेत. २०११च्या जनगणनेत भोजपुरी, मगही आणि बंजाऱ्यांची लमाणी या सगळ्या हिंदीच्या छत्राखाली मोजल्या गेल्या. मैथिलीला २००३ साली झालेल्या ९२व्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत स्वतःची जागा मिळाली, भोजपुरीला अजून मिळालेली नाही. त्यामुळे वर्गशिक्षकाने आपली यादी आपणच करावी. माझ्या वहीत तीन रकाने असतात. मूल भांडतं कुठल्या भाषेत, आजी गोष्ट सांगते ती कुठल्या भाषेत, आणि घरात कुणाला कुठली लिपी वाचता येते. तिसरा रकाना बहुतेक जण विसरतात आणि पुढे सगळं तिथेच अडतं. यादगीरहून आलेल्या एका घरात सगळे कन्नड बोलत, पण कन्नड अक्षर ओळखणारा एकच होता, सहावीतला भाऊ. तो तिसरीपर्यंत गावच्या शाळेत शिकला होता. त्या घरासाठी कन्नड पुस्तक घ्यायचं ते त्या भावाच्या भरवशावर.

एवढी खटपट कशाला, शाळा मराठी आहे तर मराठी पुस्तकं पुरेत, असं मला शिक्षकांनी सांगितलंय आणि त्याहून जास्त वेळा आयांनी. "कन्नड घरी आहेच की, तुम्ही मराठी शिकवा." आईची ही काळजी खरी असते. मुलाची नोकरी, बाजारहाट, दवाखाना सगळं मराठी-हिंदीत होणार हे तिला माहीत असतं. तिला मी एवढंच सांगते की वाचणं ही एकदाच शिकायची गोष्ट आहे. कॅनडातले भाषाशास्त्रज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ साली मांडलं की दोन भाषांतलं शिकणं पोटातून एकमेकांना जोडलेलं असतं. एका भाषेत पक्कं झालेलं वाचन दुसरीच्या कामी येतं. वर्गात हे डोळ्यांनी दिसतं. पुढे काय होणार याचा अंदाज बांधणं, चित्राकडे परत जाऊन शब्द पडताळणं, न कळलेलं वाक्य पुन्हा वाचणं या सवयी मूल कळणाऱ्या भाषेत लवकर उचलतं आणि मराठीकडे येताना बरोबर घेऊन येतं. आईला हे पटायला एक सत्र जातं. जाऊ द्यावं.

आता पुस्तकं कोणती, ते. अमेरिकेतल्या बालसाहित्याच्या अभ्यासक रूडीन सिम्स बिशप यांनी १९९० साली एक उपमा दिली आणि ती जगभरच्या शाळांत रुजली. पुस्तक कधी आरसा असतं, त्यात मूल स्वतःला पाहतं. कधी खिडकी असतं, त्यातून दुसऱ्याचं जग दिसतं. आणि कधी सरकत्या काचेचं दार असतं, त्यातून मूल त्या जगात पाऊल टाकतं. आमच्याकडच्या मराठी पुस्तकांत बाल्कनीचं घर, कोकणातले आजोबा आणि दिवाळीचा किल्ला भरपूर सापडतो. पत्र्याच्या खोलीत राहणारं, शेजारच्या अर्धवट इमारतीत ज्याचे आईबाप काम करतात, असं मूल शोधावं लागतं. वर्षभर नुसत्या खिडक्याच मिळालेल्या मुलाला हळूहळू वाटू लागतं की पुस्तकं आपल्यासारख्यांबद्दल नसतातच.

आरसा निवडताना एक सापळा आहे. बिहारचं मूल आहे म्हणून छठपूजेचं पुस्तक, मुसलमान मूल आहे म्हणून ईदचं, आदिवासी आहे म्हणून नाचाचं. सणाची पुस्तकं असावीत, पण फक्त तीच असली तर त्या मुलाला वर्षातून एकदाच वर्गात जागा मिळते. मला हवी असतात ती साध्या दिवसाची पुस्तकं: चप्पल हरवली, बकरी पळाली, धाकटी रडते आहे आणि आई पाण्याच्या रांगेत आहे. महाश्वेतादेवींची मोयना हे याचं उत्तम उदाहरण. ती शबर समाजातली मुलगी, शेळ्या राखते, सरपण आणते आणि प्रत्येक गोष्टीला 'का' विचारते. चेन्नईच्या तुलिका प्रकाशनाने ही गोष्ट अनेक भारतीय भाषांत काढली. मोयना गरीब आहे, पण गोष्ट तिच्या गरिबीवर रडत नाही. ती मोयनाच्या प्रश्नांच्या मागे धावते.

परत पाठवायची पुस्तकंही असतात. नेपाळी माणूस फक्त शिट्टी वाजवणारा गुरखा, उत्तर भारतीय फक्त हसण्यापुरता भय्या, बंजारा बाई फक्त आरशांचा घागरा. पुस्तक हातात आलं की मी तीन गोष्टी पाहते. गोष्टीतली अडचण कोण सोडवतं? बाहेरून आलेलं मूल सोडवतं, की चांगल्या घरातलं मूल त्याला मदत करून मोठं होतं? आणि चित्रातल्या माणसांना आपापले चेहरे आहेत, की सगळी मजूर मंडळी एकाच साच्यातली? यात नापास झालेलं पुस्तक फुकट मिळालं तरी दोरीवर चढत नाही. देणगीच्या खोक्यांबाबत तर मन घट्टच करावं लागतं. त्यांत जुनी मार्गदर्शकं, फाटके विश्वकोश आणि कुणाच्या तरी मुलाची रंगवून झालेली पुस्तकं असतात. पाहुण्याला आपण शिळं वाढत नाही.

चांगली पुस्तकं मिळतात कुठे, हे लोक विचारतात तेवढं अवघड नाही. १९५७ साली स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय ही माला आमच्या कामाची आहे, कारण एकच चित्रांचं पुस्तक तिच्यात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा अनेक भाषांत निघतं आणि स्वस्तही असतं. कन्नड आणि मराठी प्रत शेजारी शेजारी ठेवली की दोन मुलं एकच चित्र आपापल्या भाषेत वाचू लागतात. त्यातून जे बोलणं सुरू होतं ते कुठल्याही भाषांतराच्या तासाला होत नाही. तुलिकाची द्विभाषी पुस्तकं आहेत. भोपाळच्या एकलव्य संस्थेचं 'चकमक' हे हिंदी मासिक १९८५पासून निघतं. मराठीत ज्योत्स्ना प्रकाशनाची माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं घ्यावीत. 'राधाचं घर'मधली छोटी वाक्यं नुकतं मराठी शिकणाऱ्या मुलालाही झेपतात. प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेल्या स्टोरीवीव्हरवर शेकडो भाषांतली चित्रपुस्तकं मोफत आहेत. ती उतरवून घ्यायला, छापायला, एवढंच नाही तर स्वतः अनुवाद करायलाही खुला परवाना आहे. गोरबोलीचं पुस्तक सापडत नाही? चित्रं घ्या, वाक्यं मुलांकडून करून घ्या.

माझं प्रमाण साधारण असं असतं: निम्मी पुस्तकं मराठी, कारण ती वर्गाची सामाईक भाषा आहे आणि तिच्यात मूल मागे राहता कामा नये. तिसरा हिस्सा घरच्या भाषांचा. उरलेली जागा शब्द नसलेल्या पुस्तकांना आणि मुलांनी बनवलेल्या पुस्तकांना. चाळीस मुलांच्या वर्गात शंभर पुस्तकांनी सुरुवात करावी. त्याहून कमी असली तर पंधरा दिवसांत दोरी शिळी होते.

शब्द नसलेल्या पुस्तकांना लोक बालवाडीत पाठवतात, ते मला खटकतं. भूमध्य समुद्रात लँपेदूसा नावाचं इटलीचं चिमुकलं बेट आहे. आफ्रिकेतून युरोपकडे निघालेल्या निर्वासितांच्या होड्या तिथे लागतात. २०१२ साली 'इबी' या बालसाहित्याच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्या बेटावरच्या ग्रंथालयासाठी देशोदेशींची निःशब्द पुस्तकं गोळा करायला घेतली. होडीतून उतरलेलं मूल कुठलीही भाषा बोलो, ते चित्र वाचू शकतं, असा तो विचार. बेटावरच्या इटालियन मुलांनाही आधी ग्रंथालय नव्हतं, म्हणून ते दोघांसाठी केलं. 'इबी'ची मुळंही निर्वासनातच आहेत. जेला लेपमान या ज्यू पत्रकार बाई नाझी राजवटीत जर्मनी सोडून लंडनला गेल्या, युद्ध संपल्यावर १९४५ साली परतल्या, आणि उद्ध्वस्त देशातल्या मुलांसाठी त्यांनी जगभरच्या देशांकडे पुस्तकं मागितली. १९४६ साली म्युनिकमध्ये त्या पुस्तकांचं प्रदर्शन झालं, १९४९ साली मुलांचं आंतरराष्ट्रीय ग्रंथालय उभं राहिलं आणि १९५३ साली झ्यूरिकला 'इबी'ची स्थापना झाली. भाकरीची भ्रांत असलेल्या गावात पुस्तकं कशाला, हे त्यांनाही ऐकावं लागलं असणार.

आमच्या वर्गात निःशब्द पुस्तक पहिल्या आठवड्यात काढतो. बाजाराचं एखादं भरगच्च चित्र मध्ये ठेवायचं आणि ज्याला जे दिसेल ते त्याने आपल्या भाषेत सांगायचं. मराठी बोलायला बिचकणारं मूल इथे पहिल्यांदा तोंड उघडतं. सहावी-सातवीसाठी ऑस्ट्रेलियाचे शॉन टॅन यांचं २००६ सालचं 'द अरायव्हल' मिळवावं. घर सोडून परक्या शहरात आलेल्या माणसाची ती शब्दाविना सांगितलेली दीर्घ कथा आहे. त्या शहरातल्या पाट्यांची लिपी लेखकाने मुद्दामच कुणालाही वाचता येऊ नये अशी रचली आहे, त्यामुळे वर्गातला पहिला नंबरसुद्धा तिथे नवखा ठरतो.

लिपीचा विषय निघाला आहे तर थोडं थांबते, कारण मांडणीतली निम्मी कसरत तिचीच असते. नेपाळी देवनागरीत लिहितात. मराठी वाचायला शिकलेल्या नेपाळी मुलाच्या हातात नेपाळी पुस्तक दिलं की त्याला ते आपोआप वाचता येतं, आणि हे त्याला तोवर कुणी सांगितलेलंच नसतं. हिंदी वाचणारं मूल मराठीत 'ळ'शी अडतं आणि 'चमचा' हा शब्द 'चहा'तल्या 'च'ने वाचतं. वर्ग हसतो. त्याच दिवशी मी वर्गाला नेपाळीतलं एक वाक्य मोठ्याने वाचायला लावते. मग कुणी कुणाला हसत नाही. कन्नड आणि तेलुगू अक्षरं नवख्या डोळ्याला सारखीच दिसतात, म्हणून मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात भाषेप्रमाणे रंगीत टिकली लावतो: कन्नड पिवळी, तेलुगू हिरवी. उर्दू पुस्तक उजवीकडून उघडतं. ते मराठी पुस्तकासारखं टांगलं तर मलपृष्ठ समोर येतं आणि आठवडाभर त्याला कुणी हात लावत नाही. आम्ही तसं टांगलं होतं. एका मुलाच्या आजोबांनी येऊन सगळी फिरवून दिली.

लिपी हलक्या हाताने ठरवू नये, हे मी उल्हासनगरच्या सिंधी घरांकडून शिकले. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आलेल्या निर्वासितांचं ते गाव, १९४९ साली त्याला उल्हासनगर हे नाव मिळालं. सिंधी अरबी वळणाच्या लिपीत लिहावी की देवनागरीत, हा वाद तेव्हापासून चालू राहिला. अशी घरं आहेत जिथे आजोबांच्या कपाटातलं सिंधी पुस्तक नातवाला वाचता येत नाही, भाषा एक असूनही. म्हणून ज्या भाषेला स्वतःची लिपी आहे, तिचं पुस्तक मी त्याच लिपीत ठेवते, शिक्षकाला वाचता येत नसलं तरी.

मांडणीबद्दल बाकी फारसं सांगण्यासारखं नाही. मुखपृष्ठ दिसलं पाहिजे, मुलाचा हात पोचला पाहिजे, खाकी कव्हर घालू नये आणि कपाटाला कुलूप नको.

शिक्षकाला न येणाऱ्या भाषेचं पुस्तक वर्गात वाचायचं कुणी? आया वाचतात, सांगतात. त्यांना बोलावताना वेळ त्यांची धरावी. साइटवर दुपारी जेवणाची सुट्टी असते आणि रविवारी बहुतेकांना बाजार असतो. येता येत नसेल तर फोनवर गोष्ट रेकॉर्ड करून घ्यावी. तीच गोष्ट मुलं पुढे पुस्तकात आणतात. चार कागद मधोमध दुमडून शिवले की सोळा पानं होतात. वरच्या ओळीत घरची भाषा, खाली मराठी, मध्ये मुलाचं चित्र. गोरबोली देवनागरीत लिहितो आणि आईला वाचून दाखवतो. ती मान हलवेपर्यंत शब्द दुरुस्त करतो. मुखपृष्ठावर लेखक म्हणून आईचं नाव, चित्रकार म्हणून मुलाचं. मग त्यालाही टिकली, त्यालाही क्रमांक, आणि जागा त्याच दोरीवर, छापील पुस्तकांच्या शेजारी. कॅनडात मिसिसागाच्या थॉर्नवुड शाळेत स्थलांतरित मुलांनी अशी दोन भाषांतली पुस्तकं लिहिली, त्यातून हा मार्ग अनेक देशांत गेला. आमच्याकडे सगळ्यात जास्त फाटतात ती हीच पुस्तकं. पुन्हा शिवतो.

इथे एक पथ्य मात्र कडक पाळावं. "तुमचं गाव का सुटलं, सांग बरं," असं मुलाला कधी म्हणू नये. कुणाचं कर्जामुळे सुटलेलं असतं, कुणाचं पुरात, कुणाचं दंगलीत. ते वर्गापुढे मांडायला लावणं हा त्या मुलावर अन्याय आहे. स्थलांतराची पुस्तकं दोरीवर असू द्यावीत. ज्याला हवं ते मूल उचलेल, आणि कोपऱ्यात बसून तेच ते पुन्हा वाचेल. तेव्हा काही विचारू नये.

आणि शेवटचं, देवघेव. साधं ग्रंथालय असं धरून चालतं की वाचणारा जागेवर राहील. आमची मुलं राहत नाहीत. स्लॅब पडला, प्लॅस्टर झालं की ठेकेदार टोळी दुसऱ्या साइटवर हलवतो. बीडकडच्या ऊसतोड कामगारांची मुलं दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांवर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. शिक्षणहक्क कायदा, २००९ यांची काही बाजू सांभाळतो. मुलाला शाळा बदलण्याचा हक्क आहे, दाखला मिळायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, आणि प्रत्येक शाळेत गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय असलं पाहिजे, असंही त्याच कायद्याच्या अनुसूचीत लिहिलं आहे. पण परत न आलेल्या पुस्तकाचं काय, हे कायदा सांगत नाही. काही शाळा त्यावर उपाय म्हणून पुस्तकं घरी देतच नाहीत. त्यांचं दुःख मला कळतं. ऑडिटला उत्तर त्यांनाच द्यावं लागतं.

आम्ही अनामत घेत नाही, दंड घेत नाही. पत्रा गळतो म्हणून पुस्तकाबरोबर प्लॅस्टिकची पिशवी देतो. वर्षाला काही पुस्तकं जाणार हे खर्चाच्या अंदाजात आधीच धरतो, आणि नोंदवहीत 'हरवलं' न लिहिता 'मुलाबरोबर गेलं' असं लिहितो. जाणार हे आधी कळलं, तर मूल आपल्या आवडीचं एक पुस्तक निवडतं, त्यावर वर्गातल्या सगळ्यांची नावं लिहितो आणि ते त्याला कायमचं देतो. आईने सांगितलेली गोष्ट असेल तर मूळ प्रत त्याला, झेरॉक्स वर्गाला. नव्या शाळेत कुणी विचारलं, तुला काय वाचता येतं, तर दाखवायला त्याच्या दप्तरात काहीतरी असावं.

तुम्ही राहता त्या भागात बांधकाम चालू असेल, तर जवळच्या महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत अशी मुलं आहेत. तुम्हाला कन्नड, तेलुगू, उर्दू, भोजपुरी किंवा नेपाळी येत असेल, तर मुख्याध्यापकांना भेटा आणि आठवड्यातला एक तास मागून घ्या. त्या भाषेचं पुस्तक शाळेत बहुधा नसेल, ते येताना बरोबर आणा.